पहिली खेळी करण्यापूर्वीचे काही सेकंद

कोडे समोर ठेवल्यानंतर आणि हात पुढे होण्यापूर्वी माणूस जो वेळ नुसता बसून असतो, त्या वेळात नेमके काय घडते, हा मला फार वर्षांपासून ओढ लावणारा प्रश्न आहे. बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. नजर थोडी इकडेतिकडे फिरते, भुवया आकसतात, कधी ओठ हलतात आणि मग एकदम हात पुढे होऊन चार खेळ्या न थांबता करून टाकतो. याचा अर्थ खरे काम त्या स्तब्धतेतच उरकलेले असते. मानसशास्त्राने या स्तब्धतेचा अभ्यास बराच काळ घड्याळ लावून आणि चुका मोजून केला. गेल्या सुमारे तीस वर्षांत त्याला मेंदूच्या स्कॅनची जोड मिळाली आहे. या संशोधनाविषयी वाचताना आणि त्यात थोडासा सहभाग घेताना माझे एक मत पक्के होत गेले. स्कॅनरमधून निघणारे उत्तर यंत्राच्या ताकदीवर जितके अवलंबून असते, त्याहून कितीतरी अधिक ते त्याच्यापुढे ठेवलेल्या कोड्यावर आणि ज्या दुसऱ्या कामाशी त्याची तुलना केली त्यावर अवलंबून असते. रंगीत चित्रांच्या झगमगाटात ही गोष्ट मागे पडते, म्हणून ती सविस्तर मांडावीशी वाटते.

सुरुवात कोड्यापासूनच करू. टिम शॅलिस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये ‘टॉवर ऑफ लंडन’ नावाची चाचणी मांडली. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘टॉवर ऑफ हनोई’ची ही धाकटी बहीण म्हणता येईल, पण संशोधकाच्या दृष्टीने अधिक सोयीची. तीन खुंट्या असतात. पहिलीवर तीन चेंडू मावतात, दुसरीवर दोन आणि तिसरीवर एकच. चेंडू तीन रंगांचे: लाल, हिरवा आणि निळा. एका वेळी एकच चेंडू उचलायचा, तोही खुंटीवरचा सगळ्यात वरचा, आणि दिलेल्या मांडणीपासून हव्या असलेल्या मांडणीपर्यंत कमीत कमी खेळ्यांमध्ये पोहोचायचे. सगळ्या शक्य मांडण्या मोजल्या तर त्या ३६ भरतात, म्हणजे हे सबंध विश्व एका कागदावर काढता येते. तरीही माणसाला ते अडवते.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. उंच खुंटीवर खाली लाल आणि त्यावर हिरवा चेंडू आहे, मधल्या खुंटीवर निळा आहे, आखूड खुंटी रिकामी आहे. हवी असलेली मांडणी अशी, की निळा जागच्या जागी राहावा आणि उंच खुंटीवर हिरवा खाली व लाल वर यावा. आता तिन्ही चेंडू आधीच आपापल्या योग्य खुंटीवर आहेत, फक्त दोघांचा क्रम उलटा आहे. ध्येयाच्या जवळ जायचे एवढाच नियम पाळणाऱ्या माणसाला येथे हालचालच करता येत नाही, कारण पहिली प्रत्येक खेळी त्याला ध्येयापासून दूर नेताना दिसते. हिरवा आखूड खुंटीवर, लाल निळ्याच्या डोक्यावर, मग हिरवा परत उंच खुंटीवर आणि शेवटी लाल त्याच्यावर, अशा चार खेळ्या लागतात, आणि त्यांतल्या पहिल्या दोन खेळ्यांनी मांडणी आधीपेक्षा बिघडल्यासारखी वाटते. जवळचे दिसणारे सोडून देऊन तात्पुरते मागे जाणे मनातल्या मनात पेलणे, हाच नियोजनाचा गाभा आहे. शॅलिसने ही चाचणी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांना दिली, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्यांना ती विशेष अवघड गेली. स्कॅनरचे संशोधन या पायावर उभे राहिले.

आता यंत्राकडे वळू. आज सर्वाधिक वापरले जाणारे तंत्र म्हणजे एफएमआरआय. ते चेतापेशींचे काम थेट पाहत नाही, रक्ताकडे पाहते. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करते, ऑक्सिजन धारण केलेले करत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे गरजेपेक्षाही जास्त ताजे रक्त धाव घेते, गडबड करणाऱ्या हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि तेथून येणारा संकेत थोडासा वाढतो. सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा परिणाम १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवला आणि १९९२ मध्ये माणसांवरचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. तोपर्यंत असे अभ्यास पेट स्कॅनने होत असत. त्यासाठी किरणोत्सारी ऑक्सिजन असलेले पाणी टोचावे लागे, आणि त्या ऑक्सिजनचे अर्धे आयुष्य जेमतेम दोन मिनिटांचे असल्यामुळे सारी धांदल असे. नियोजनाचे सुरुवातीचे बरेच महत्त्वाचे अभ्यास मात्र पेटवरच झालेले आहेत.

रक्ताकडे पाहण्याची किंमत वेळेत चुकवावी लागते. चेतापेशी क्षणात काम करून मोकळ्या होतात, रक्ताचा प्रतिसाद मात्र पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो आणि ओसरायला आणखी बराच वेळ घेतो. चार खेळ्यांचा बेत आठ-दहा सेकंदांत ठरत असेल, तर त्यातली पहिली खेळी आणि चौथी खेळी रक्ताच्या त्या एकाच लाटेत मिसळून जातात. शिवाय ज्या लहान ठोकळ्यांमध्ये मेंदू विभागून मोजला जातो, त्यांची बाजू साधारण दोन ते तीन मिलिमीटर असते आणि अशा एका ठोकळ्यात लाखो चेतापेशी मावतात. ईईजी (मेंदूचे विद्युत संकेत डोक्यावरून मोजणारे) आणि एमईजी (त्याचे चुंबकीय संकेत मोजणारे) ही तंत्रे हजारांश सेकंदापर्यंतचा वेळ पकडतात, पण संकेत मेंदूच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यातून आला हे सांगताना ती चाचपडतात. म्हणून संशोधकाला आपला प्रश्न आधी ‘कुठे’चा आहे की ‘केव्हा’चा, हे ठरवावे लागते.

आणखी एक अडचण हालचालीची. स्कॅनरमध्ये डोके स्थिर राहिले पाहिजे, आणि हात पुढे करून चेंडू उचलणे तर शक्यच नाही. म्हणून बहुतेक प्रयोगांमध्ये दोन्ही मांडण्या पडद्यावर दाखवतात, किमान किती खेळ्या लागतील हे मनातच ठरवायला सांगतात आणि उत्तराचे बटण दाबायला लावतात. यामुळे नियोजन आणि प्रत्यक्ष कृती वेगळी करता येते, हा मोठा फायदा. पण एरवी माणूस सगळे आधी ठरवून मग हलत नाही. तो दोन पावले ठरवतो, चालतो, पुन्हा पाहतो आणि बेत बदलतो. नियोजन आणि कृती यांची ती वीण स्कॅनरच्या गरजेपोटी उसवली जाते.

मी स्वतः अशा एका अभ्यासात सहभागी झाले होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या घट्ट बसवलेल्या, डोळ्यांवर तिरका आरसा, त्यात मागच्या पडद्याचे प्रतिबिंब, बोटांखाली बटणे आणि कानांत बोळे घालूनही ऐकू येणारा यंत्राचा ठोक्यांचा आवाज. कोडी सोडवणे अपेक्षेपेक्षा सोपे गेले. मला महत्त्वाचे वाटले ते दोन कोड्यांमधले. पडद्यावर फक्त एक अधिकचे चिन्ह येत असे आणि त्याकडे शांतपणे पाहत राहायची सूचना होती. पण मन शांत राहत नव्हते. आत्ताच दिलेले उत्तर बरोबर होते का, हे ते पुन्हा तपासत होते, मागची मांडणी पुन्हा उभी करून चेंडू हलवून पाहत होते. नोंदीच्या भाषेत ते सेकंद विश्रांतीचे होते, आणि कोड्याच्या वेळचा मेंदू याच विश्रांतीच्या मेंदूशी ताडून पाहिला जाणार होता.

हा माझ्या एकटीचा अनुभव नव्हे. मार्कस रेशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की काही न करणाऱ्या माणसाच्या मेंदूतही काही ठरावीक भाग नेहमी सक्रिय असतात आणि बाहेरचे काम हाती घेतले की उलट तेच मंदावतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, तरी शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो घेतो, आणि एखाद्या कामामुळे त्यात पडणारी भर लहान असते, बहुतेकदा ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे आपण पाहतो ती लाट आधीच भरलेल्या समुद्रावरची असते. तुलना कशाशी करायची, हा प्रश्न त्यामुळे तांत्रिक राहत नाही, निष्कर्षाचा अर्थच त्याच्यावर ठरतो.

यावर उपाय म्हणून तुलनेसाठी दुसरे काम देतात. त्याच चेंडूंची तीच चित्रे दाखवायची आणि अमुक रंगाचे चेंडू मोजा एवढेच सांगायचे. पाहणे, मोजणे आणि बटण दाबणे दोन्हींकडे सारखे असते, म्हणून एकातून दुसरे वजा केले की नियोजन उरते, असा तर्क. तर्क आकर्षक आहे, पण उरते ते फक्त नियोजन नसते. मांडणी मनात धरून ठेवणे, चेंडू मनात हलवणे, चुकलेली वाट सोडून देणे, मन एकाग्र ठेवण्याचा ताण, उत्तर चुकेल ही धाकधूक, हे सगळे त्या बाकीत एकत्र आलेले असते. वजाबाकीच्या शेवटी पाटीवर एकच आकडा दिसतो म्हणून तो एकाच गोष्टीचा आहे असे समजणे हा या क्षेत्रातला जुना मोह आहे.

मला त्याहून पटणारी पद्धत आलँ डॅगर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पेट स्कॅनच्या साहाय्याने वापरली. त्यांनी काम बदलले नाही, अवघडपणा बदलला. कोडी कमी खेळ्यांची आणि जास्त खेळ्यांची अशी पायऱ्यापायऱ्यांनी दिली आणि मेंदूतले कोणते भाग त्या पायऱ्यांबरोबर चढत जातात हे पाहिले. पाहण्याशी निगडित असलेले भाग कोडे सोपे असो वा अवघड, जवळपास सारखेच काम करत राहिले. कपाळामागच्या भागाची बाहेरची बाजू, हालचालीची तयारी करणारा त्यामागचा पट्टा, दोन अर्धगोलांच्या मधोमध पुढे असलेला सिंग्युलेट भाग आणि खोलवर असलेले कॉडेट हे केंद्र मात्र अवघडपणाबरोबर वाढत गेले. शर्लीन न्यूमन, पॅट्रिशिया कार्पेंटर आणि मार्सेल जस्ट यांनी २००३ मध्ये एफएमआरआयच्या आधारे आणखी बारीक भेद सुचवला: बेत तयार करण्यात कपाळामागचा उजवा भाग आणि तो अमलात आणण्यात डावा भाग अधिक गुंतत असावा. अशा सूचनांकडे मी आदराने पाहते, कारण त्या ‘नियोजनाचे केंद्र सापडले’ असे म्हणत नाहीत. त्या कामाची वाटणी कशी असू शकेल ते सांगतात आणि ती पुढे तपासता येते.

नियोजनाचे म्हणून वेगळे केंद्र आहे असे मानणे आता खरोखर कठीण झाले आहे. जॉन डंकन यांनी कितीतरी वेगवेगळ्या कामांचे स्कॅन एकत्र ठेवून दाखवले, की कपाळामागच्या आणि डोक्याच्या वरच्या मागच्या भागातले काही ठरावीक पट्टे जवळजवळ कोणतेही काम अवघड केले की सक्रिय होतात, मग ते काम शब्दांचे असो, आकड्यांचे असो वा जागेचे. नियोजनाच्या अभ्यासात दिसणारे बरेच भाग याच पट्ट्यांतले आहेत. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये यातून निघणारी तर्कातली चूक स्पष्ट केली. नियोजन करताना अमुक भाग सक्रिय होतो हे ठाऊक असले, तरी तो भाग सक्रिय दिसला म्हणून माणूस नियोजन करत होता असे ठरत नाही, कारण तोच भाग इतर शेकडो कामांतही सक्रिय होतो. बातम्यांमधली निम्मी विधाने या एका कसोटीवर गळून पडतात.

संख्याशास्त्राची बाजूही येथे टाळता येत नाही. स्कॅनच्या चित्रातला केशरी डाग हे मेंदूचे छायाचित्र नसते. लाखभर ठोकळ्यांवर केलेल्या चाचण्यांपैकी कोणत्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, याचा तो नकाशा असतो. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेल्या सॅमन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रे दाखवली, आणि इतक्या चाचण्या एकदम केल्याची दुरुस्ती न केल्यास त्या माशाच्या मेंदूतही ‘सक्रियता’ दिसते हे सिद्ध केले. अँडर्स एकलुंड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रचलित सॉफ्टवेअरमधल्या काही पद्धती खोट्या निष्कर्षांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा खूप वाढवतात असे दाखवले. २०२० मध्ये ७० गटांना एकच माहितीसंच आणि तेच ९ दावे तपासायला दिले गेले, तेव्हा गटांनी स्वतंत्रपणे निवडलेल्या पद्धतींमुळे काही दाव्यांवरची त्यांची उत्तरे लक्षणीय वेगळी आली. या क्षेत्राने आपले दोष स्वतः शोधून जाहीरपणे मांडले, आणि म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

गेल्या काही वर्षांतल्या ज्या कामाने मला सर्वांत जास्त आनंद दिला, ते ‘कुठे’च्या पलीकडे जाऊन विचाराचे टप्पे शोधते. जॉन अँडरसन आणि जॉन फिंचम यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत लोकांना एक नवे गणिती चिन्ह शिकवले. त्या चिन्हाच्या डावीकडे आणि उजवीकडे एकेक आकडा. डावीकडच्या आकड्यापासून सुरू करून एकेकाने उतरत जायचे, उजवीकडचा आकडा सांगेल तितक्या संख्या घ्यायच्या आणि त्यांची बेरीज करायची. डावीकडे ४ आणि उजवीकडे ३ असेल तर ४, ३ आणि २, म्हणजे ९. एवढे अंगवळणी पडले की मग न शिकवलेली रूपे समोर ठेवायची: उत्तर दिले आहे पण डावीकडचा आकडा लपवला आहे, किंवा आकडा ऋण आहे. आता शिकलेली कृती जशीच्या तशी चालत नाही, थांबून नवी वाट ठरवावी लागते.

प्रत्येक माणूस आणि प्रत्येक प्रश्न वेगवेगळा वेळ घेतो, म्हणून सगळ्यांची सरासरी काढली की टप्पे पुसले जातात. संशोधकांनी उलट वाट धरली. मेंदूभरच्या सक्रियतेचे आकृतिबंध घेऊन त्यांनी संगणकाला असे शोधायला लावले, की प्रत्येक प्रयत्न काही मोजक्या अवस्थांमधून क्रमाने जातो पण प्रत्येक अवस्थेची लांबी दर वेळी बदलू शकते, असे धरल्यास किती अवस्था मानाव्या लागतात. चार अवस्था निघाल्या: प्रश्न समजून घेणे, वाट ठरवणे, प्रत्यक्ष आकडेमोड करणे आणि उत्तर देणे. एकाच माणसाच्या एकाच प्रयत्नात तो कोणत्या सेकंदाला आकडेमोडीत होता आणि कोणत्या सेकंदाला अजून वाट शोधत होता, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. पहिल्या खेळीपूर्वीच्या स्तब्धतेचे असे तुकडे पाडणे घड्याळाला कधीच जमले नसते. आणि येथेही यश यंत्राइतकेच कोड्याचे आहे: परिचित कृती आणि अपरिचित रूप यांची जोडी इतकी नेमकी निवडली नसती तर वाट ठरवण्याचा टप्पा आकडेमोडीपासून सुटा झाला नसता.

बेताचा मजकूर वाचण्याचाही प्रयत्न सुरू आहे. ॲडम जॉन्सन आणि डेव्हिड रेडिश यांनी २००७ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या पेशींची नोंद घेऊन दाखवले, की दोन वाटा फुटतात तेथे थबकलेल्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूत खोलवर असलेल्या आणि जागा व आठवणींशी निगडित अशा भागात, पुढच्या जागांशी जोडलेल्या पेशी एकामागून एक जाग्या होतात, आधी एका वाटेच्या, मग दुसऱ्या वाटेच्या. निरोगी माणसाच्या मेंदूत अशा नोंदीसाठी तारा घालता येत नाहीत, पण झेब कर्थ-नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एमईजी वापरून माणसांमध्येही अशा मालिका पकडल्या. लोक चित्रांच्या एका जाळ्यातून पुढे कसे जायचे ते ठरवत असताना चार चित्रांपर्यंतच्या मालिका त्यांच्या मेंदूत उमटत होत्या, प्रत्येक पायरी सुमारे ४० हजारांश सेकंदांच्या अंतराने, आणि त्याही उलट्या क्रमाने. इतक्या वेगाने होणारी गोष्ट माणसाला स्वतःलाही जाणवत नाही. ‘मी असा असा विचार केला’ हे त्याचे कथन आणि मेंदूतली ही मालिका या दोन वेगळ्या पातळ्यांवरच्या गोष्टी आहेत.

तरीही कथनाला बाजूला सारू नये असे मला ठामपणे वाटते, आणि त्याचे कारण ह्यूगो स्पायर्स आणि एलिनॉर मग्वायर यांचा २००६ मधला अभ्यास आहे. त्यांनी लंडनच्या परवानाधारक टॅक्सीचालकांना स्कॅनरमध्ये शहराच्या संगणकीय प्रतिकृतीतून गाडी चालवायला लावली. मध्येच प्रवासी ठिकाण सांगत, कधी बदलत. नंतर, स्कॅनरच्या बाहेर, प्रत्येक चालकाला त्याच्याच प्रवासाचे चित्रीकरण दाखवून त्या त्या क्षणी मनात काय चालले होते ते सांगायला सांगितले आणि ते बोलणे सेकंदासेकंदाने स्कॅनच्या नोंदींशी जुळवले. हिप्पोकॅम्पसचे काम मुख्यतः सुरुवातीला, मार्ग पहिल्यांदा मनात आखताना दिसले, गाडी मार्गाला लागल्यावर नव्हे. पुढे २०१७ मध्ये स्पायर्स यांच्या गटाने लंडनमधल्या सोहो भागाच्या रस्त्यांवर असाच प्रयोग केला. रस्ता अचानक बंद निघाला की पर्यायी वाटा जितक्या जास्त तपासाव्या लागतील, तितके कपाळामागच्या भागाचे काम वाढले. वळणे आयती सांगितली गेली तेव्हा हे जास्तीचे काम दिसले नाही. रस्ते तेच आणि दृश्येही तशीच, बदलला तो फक्त विचार करण्याचा भार. न्याय्य तुलना म्हणून मला अभिप्रेत आहे ती हीच.

एकदम उत्तर सुचणे हा प्रश्न सोडवण्याचा दुसरा प्रकार, आणि त्याच्याकडे थोडक्यात पाहून पुढे जाते. मार्क जंग-बीमन, जॉन कूनिओस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लोकांना तीन शब्द देऊन तिघांनाही जोडता येईल असा चौथा शब्द शोधायला सांगितला. आपल्याकडे बैल, आग आणि घोडा देऊन ‘गाडी’ शोधायला सांगावे, तसे. उत्तर पायरीपायरीने काढले की एकदम सुचले, हे प्रत्येक वेळी त्यांनीच सांगायचे. सुचलेल्या उत्तरांच्या वेळी उजव्या कानशिलामागच्या भागात बटण दाबण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी जलद लहरींचा उसळता झोत दिसला, आणि त्याच्याही एखाद सेकंद आधी डोक्याच्या मागच्या भागात संथ लहरी वाढलेल्या होत्या, जणू बाहेरच्या दृश्याची आवक थोडी रोखली जात होती. येथेही निवाडा सोडवणाऱ्याच्या स्वतःच्या सांगण्यावरच आधारलेला आहे.

एवढे सगळे मांडल्यावर मला सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या मुद्द्याकडे यावे लागते. या सगळ्या कोड्यांमध्ये सुरुवात ठरलेली असते, शेवट ठरलेला असतो आणि नियम कोणीतरी आधीच सांगितलेले असतात. जगण्यातल्या योजना तशा नसतात. वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाने आपल्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूतली गाठ काढताना उजव्या बाजूचा कपाळामागचा बराच भाग काढला होता, आणि १९३५ मध्ये तिच्याविषयी लिहिले. तिची बुद्धी आणि बोलणे शाबूत होते. पण घरी जेवायला माणसे येणार होती त्या संध्याकाळी, सगळे सामान हाताशी असूनही, ती एकटीच्या प्रयत्नाने थकून गोंधळली होती. चुलीवर एक-दोन गोष्टी होत्या आणि बाकीच्यांना सुरुवातही झालेली नव्हती. शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांना बाजारात काही साध्या कामांची यादी आणि मोजके नियम देऊन पाठवले. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत ते चांगले होते, तरी रस्त्यावर कामांची सांगड घालताना त्यांची वाताहत झाली.

विनोद गोएल आणि जॉर्डन ग्राफमन यांनी २००० मध्ये वर्णन केलेला वास्तुविशारद तर माझ्या मनातून जात नाही. त्याच्या मेंदूच्या कपाळामागच्या उजव्या भागाला इजा झाली होती. त्याला एका प्रयोगशाळेच्या जागेची नवी रचना करायला दिली आणि इजा न झालेल्या दुसऱ्या वास्तुविशारदाच्या कामाशी ती ताडून पाहिली. त्याला प्रश्न समजला होता, व्यवसायाचे ज्ञान शाबूत होते. पण प्रश्न समजून घेण्यापासून कच्चा आराखडा काढण्यापर्यंतचे ते एक पाऊल त्याच्याकडून पडेना. कच्चा आराखडा म्हणजे अजून काहीच पक्के नसताना, चूक ठरू शकणाऱ्या शक्यतांशी खेळत राहणे, आणि तेच हरवले होते. तीन खुंट्यांच्या कोड्यात या क्षमतेला जागाच नसते, म्हणून त्या कोड्यावर घेतलेला स्कॅन कितीही सुबक असला तरी तिच्याविषयी काहीही सांगू शकत नाही. माझ्या मते नियोजनावरचा कोणताही स्कॅन-अभ्यास अशा रुग्णांच्या वर्णनांशेजारी ठेवूनच वाचावा. स्कॅन सांगतो की काम चालू असताना कोणते भाग बरोबर चालत होते. त्यांतल्या कोणावाचून काम अडते, हे इजा झालेला माणूस दाखवतो.

अडचण अजून यंत्राचीही आहेच. पलंगावर न हलता पडलेल्या माणसाला बाजारातली कामे करायला लावता येत नाहीत, आणि जुन्या पद्धतीच्या एमईजीचे संवेदक द्रव हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागत असल्यामुळे ते एका अवजड, न हलणाऱ्या टोपात बसवलेले असतात. २०१८ मध्ये मात्र असे थंड ठेवावे न लागणारे, डोक्यावर शिरस्त्राणासारखे घालता येणारे संवेदक वापरून, बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रापासून बंदिस्त केलेल्या खोलीत मान हलवणाऱ्या, पेय पिणाऱ्या आणि चेंडू टोलवणाऱ्या माणसांच्या मेंदूची नोंद घेता आली. हे तंत्र नियोजनाच्या अभ्यासात पुरेसे रुळले, तर मला पहिल्यांदा हवा आहे तो प्रयोग असा: कोऱ्या कागदापुढे पेन्सिल घेऊन बसलेला निरोगी वास्तुविशारद, त्याला दिलेली अर्धवट माहिती, भरपूर मोकळा वेळ, आणि तो पहिली पुसट रेघ ओढतो त्याच्या आधीच्या सेकंदांची नोंद. तुलनेसाठी तोच माणूस, तोच कागद आणि तीच पेन्सिल, पण या वेळी समोर तयार आराखडा ठेवून तो फक्त उतरवून काढायला सांगितलेला.